दोन अंदाजपत्रकांमधली वाट

मराठीत ‘अंदाजपत्रक’ हा शब्द दोन वेगळ्या कागदांना चालतो. एक अंदाजपत्रक मार्चमध्ये जिल्हा परिषदेच्या सभागृहात मांडलं जातं. त्यात लेखाशीर्षं, म्हणजे खर्चाच्या प्रकारांचे ठरलेले क्रमांक, असतात, जमा असते, खर्च असतो. दुसरं शाखा अभियंत्याच्या फाइलीत असतं. त्यात खोदाईचे घनमीटर, खडीचे ब्रास, सिमेंटच्या हुम पाइपांची संख्या आणि खडीची खाण कामाच्या जागेपासून किती किलोमीटर लांब आहे याचा तक्ता असतो. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या उतारांवर वसलेल्या धनगरवाड्यांना रस्ता का मिळत नाही, आणि मिळाला तर तो दोन पावसाळ्यांत का उखडतो, हे समजून घ्यायचं तर दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात.

कोल्हापूर म्हटलं की ऊस, दूध, साखर कारखाने आणि बारमाही नद्या डोळ्यांसमोर येतात. ते खोटं नाही. पण याच जिल्ह्यात शिरोळ तालुका आहे, जिथे वर्षाला पाचशे-सहाशे मिलीमीटर पाऊस पडतो, आणि कोल्हापूर शहरापासून जेमतेम ५५ किलोमीटरवर गगनबावडा आहे, जिथे पाच हजार मिलीमीटरच्याही वर पडतो. दरसूची, म्हणजे कामाच्या दरांची सरकारी यादी, मात्र दोन्हीकडे तीच. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार होती. गगनबावडा तालुक्याची सुमारे छत्तीस हजार. माणसं मोजून पैसे वाटायचे म्हटलं की शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा, चंदगड या डोंगरपट्ट्याच्या वाट्याला काय येणार ते इथेच ठरतं.

प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली तेव्हा तिचा निकष सपाट भागात ५०० लोकवस्तीचा होता. डोंगरी राज्यं, वाळवंट आणि आदिवासी क्षेत्रांसाठी तो २५० वर आणला होता. आपला सह्याद्री कितीही उभा असला तरी कोल्हापूर जिल्हा त्या सवलतीत बसत नाही. आणि धनगरवाडा म्हणजे पंधरा-वीस घरं, शंभर माणसं. तो २५० मध्येही बसला नसता. वाडीची माणसं खाली असलेल्या महसुली गावाच्या आकड्यात मिळवली जातात. गाव रस्त्यावर असलं की वाडीही कागदावर रस्त्यावर येते. गावापासून वर वाडीपर्यंतचा चार किलोमीटरचा चढ कुठल्याच रकान्यात येत नाही.

मग वाडीसाठी पैसा येतो कुठून? तालुक्याच्या ठिकाणी चहाच्या टपरीवरसुद्धा लोक आकड्यांत बोलतात. ‘पंचवीस-पंधरातून झालं’, ‘तीस-चोपन्नला टाकलंय’, ‘डोंगरीतून बसतंय का बघू’. २५१५ म्हणजे ग्रामविकासाचं शीर्ष, ज्यातून लोकप्रतिनिधींनी सुचवलेली मूलभूत सुविधांची कामं होतात. ३०५४ आणि ५०५४ ही रस्ते-पुलांची. तीनने सुरू होणारं शीर्ष महसुली, पाचने सुरू होणारं भांडवली. त्याशिवाय डोंगरी विकास कार्यक्रम, जिल्हा नियोजन समितीच्या सर्वसाधारण योजनेतला साकवांचा, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलांचा, निधी, आणि ग्रामपंचायतीकडे येणारा वित्त आयोगाचा पैसा. पंधराव्या वित्त आयोगात (२०२१ ते २०२६) त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा, आणि ४० टक्के अबंधित होता. दहा वाड्यांच्या ग्रुप ग्रामपंचायतीत हा अबंधित तुकडा आणखी दहा ठिकाणी तुटतो. एका वाडीच्या वाट्याला आलं तर गटारीचं शंभर फूट काम येतं.

त्यात दायित्वाचा हिशेब वेगळा. मागच्या वर्षी मंजूर झालेली पण बिलं न भागलेली कामं या वर्षीच्या निधीवर पहिला हक्क सांगतात. जिल्हा परिषदेत नियोजन दीडपट करतात: मिळणाऱ्या निधीतून दायित्व वजा करायचं आणि उरेल त्याच्या दीडपट रकमेची नवी कामं मंजूर करायची. समजा एका शीर्षाखाली एक कोटी रुपये आले आणि दायित्व साठ लाखांचं आहे. उरले चाळीस लाख. त्यांच्या दीडपट, साठ लाखांची नवी कामं घेता येतात, आणि त्यातलं न भागलेलं पुढच्या वर्षीचं दायित्व होतं. वर्तमानपत्रात छापून येतो तो एक कोटीचा आकडा. वाडीतला माणूस विचारतो, ‘कोटी आले म्हणतात, मग आमचं काम कुठाय?’ त्याचा प्रश्न बरोबर असतो. त्याला कुणीतरी बसून हे दायित्वाचं गणित सांगायला हवं आणि ते सहसा कुणी सांगत नाही.

पैशापेक्षाही मोठी अडचण कॅलेंडरची आहे. आर्थिक वर्ष एक एप्रिलला सुरू होतं. निधी टप्प्याटप्प्याने येतो. ‘बीडीएसवर (निधी वाटपाच्या सरकारी संगणक प्रणालीवर) आला का?’ हा प्रश्न वर्षभर फिरत असतो. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, पहिल्या कॉलला कुणी आलं नाही म्हणून दुसरा कॉल, मग कार्यारंभ आदेश. मध्ये एखादी निवडणूक आली की आचारसंहिता. हे सगळं पार पडून ठेकेदाराचा रोलर गगनबावड्याच्या चढावर पोचतो तेव्हा फेब्रुवारी संपत आलेला असतो. डोंगरात जूनपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत खडीचं कामच करता येत नाही. नोव्हेंबर ते मे हे सात महिने खरे कामाचे, आणि त्यातले पहिले चार कागदांवर जातात. जिल्हा परिषदेला निधी खर्चायला पुढच्या वर्षीचा मार्चही मिळतो, ही मोठी सोय आहे. पण ती मुदत पकडायची म्हणून दुसऱ्या वर्षीही काम मार्चमध्येच उरकलं जातं.

आता दुसरं अंदाजपत्रक उघडू. एक किलोमीटर लांब, तीन मीटर रुंद रस्ता. खडीकरणाचा एक थर दाबून ७५ मिलीमीटर. म्हणजे १००० गुणिले ३ गुणिले ०.०७५, २२५ घनमीटर. दाबल्यावर खडी बसते, म्हणून सुटी खडी पाचव्या हिश्श्याने जास्त लागते: साधारण २७० घनमीटर. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, २.८३ घनमीटर. म्हणजे एका थराला ९५ ब्रास. सपाटीवर डंपर दोन-तीन ब्रास घेऊन येतो आणि जिथे हवी तिथे ओतून जातो. धनगरवाड्याच्या कच्च्या वाटेवर डंपर वळतच नाही. खाली पक्क्या रस्त्याला ढीग मारायचा, तिथून ट्रॅक्टर-ट्रॉलीने एकेक ब्रास वर चढवायचा. ९५ ब्रासच्या ९५ खेपा, दोन थरांच्या १९०. त्यावर मुरूम वेगळा, पाणी मारायला टँकर वेगळा. आणि ही दुसरी चढउतार, ट्रॉलीचं भाडं, घसरणाऱ्या वळणावर धक्का द्यायला ठेवलेले चार गडी, यातलं बरंचसं अंदाजपत्रकात पुरतं उतरत नाही, कारण अंतराचा तक्ता खाणीपासून कामापर्यंत गाडी सरळ जाते असं धरतो.

तरीही ठेकेदार कमी दराने निविदा भरतो. दहा-पंधरा टक्के ‘बिलो’ गेलेलं काम डोंगरात दिसलं की पुढे काय वगळलं जाणार याचा अंदाज बांधता येतो. डांबर वगळता येत नाही. ते वरून दिसतं. वगळली जाते ती बाजूची गटार, मोरीच्या (रस्त्याखालून पाणी पलीकडे नेणाऱ्या पाइपाच्या) तोंडाची दगडी बांधणी, साइडपट्टीचा मुरूम. मोजमाप पुस्तकात या बाबी शेवटी येतात आणि तपासणीला आलेली गाडी रस्त्याच्या मधून जाते.

डोंगरी रस्ता डांबरावर टिकतो असं बहुतेकांना वाटतं. तो टिकतो पाण्याला मिळालेल्या वाटेवर. याच एक किलोमीटर रस्त्याचं क्षेत्र तीन हजार चौरस मीटर. दिवसात १०० मिलीमीटर पाऊस पडला, आणि जुलैत गगनबावड्यात हे नवल नाही, तर नुसत्या रस्त्याच्या अंगावर तीन लाख लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे तीस टँकर. डोंगराच्या बाजूने उतरून येणारं पाणी याच्या कितीतरी पट. हे पाणी वरच्या बाजूच्या गटारीत पडून मोरीपर्यंत गेलं आणि मोरीतून दरीकडे सुटलं तर वीस मिलीमीटरचं डांबरी कार्पेटसुद्धा पाच-सहा वर्षं काढतं. गटार बुजली तर पाणी रस्त्यावर येतं, चाकोरीतून धावतं, डांबराची कड खालून पोखरतं. कडेचा वितभर तुकडा पडला की त्यातून पाणी खडीच्या थरात शिरतं. वरून जीप गेली की थरातलं पाणी बारीक माती घेऊन फटीतून वर येतं. रस्त्यावर तांबडा चिखल उमटलेला दिसतो तो हाच. मग खडी सुटी होते. लोक म्हणतात डांबर कमी घातलं. कधी तेही खरं असतं. पण खड्डा डांबरातून सुरू झाला की कडेतून, हे बघितल्याशिवाय ठेकेदाराला शिव्या देऊन पुढचा रस्ता सुधारत नाही.

साइडपट्टीचंही असंच. दरवर्षी तिच्यावर गवत येतं, गवतात माती अडते, आणि तीन-चार वर्षांत पट्टी रस्त्यापेक्षा दोन इंच वर येते. मग मधून कडेला दिलेला उतार कुचकामी होतो. पाणी कडेला अडून रस्त्याच्याच अंगावर वाहतं. कुदळीने ती पट्टी छाटायची, एवढंच काम. त्याला लेखाशीर्ष शोधावं लागतं.

मोरीचा पाइप निदान नऊशे मिलीमीटर किंवा एक मीटर व्यासाचा हवा, याचं कारणही पाण्याच्या हिशेबाइतकंच साफसफाईत आहे. सहाशेच्या पाइपात माणूस वाकून शिरू शकत नाही. पालापाचोळा, फांद्या, वाहून आलेला दगड मध्यावर अडकला की तो बाहेरून काठीने निघत नाही, आणि पाइप कायमचा बाद होतो. किलोमीटरला चार मोऱ्या धरल्या असतील आणि पैसे कमी पडत असतील तर व्यास कमी करून चार टिकवू नयेत. दोन मोठ्या ठेवाव्यात आणि बाकी दोन ठिकाणी पाणी रस्त्यावरूनच ओलांडू द्यावं, खाली काँक्रीटची उथळ बशी करून. पावसाळ्यात तिथून माणूस गुडघाभर पाण्यातून जाईल, पण रस्ता जागेवर राहील.

चढावर तर पूर्ण किलोमीटर डांबर करण्याचा हट्ट सोडून द्यावा. गरम डांबरी मिश्रण शंभर अंशांच्या खाली यायच्या आत दाबून व्हावं लागतं. लांबच्या प्लँटवरून घाट चढून आलेला माल, फेब्रुवारीतली गार सकाळ आणि वीस मिलीमीटरचा पातळ थर. रोलर फिरेपर्यंत तो निवलेला असतो. त्यापेक्षा उभ्या चढाचे दोनशे मीटर काँक्रीट आणि उरलेल्यावर पक्कं खडीकरण, ही विभागणी वाडीला जास्त वर्षं पुरते. दोनशे मीटर लांब, तीन मीटर रुंद, सहा इंच जाड म्हणजे ९० घनमीटर काँक्रीट. घनमीटरला सात पोती धरली तर ६३० पोती सिमेंट. इथे आणखी एक गोष्ट आडवी येते. काँक्रीटला किमान दोन आठवडे पाणी मारायचं असतं. काम पडतं एप्रिलमध्ये, जेव्हा वाडीतल्या बायका हंड्यासाठी झऱ्यावर नंबर लावून बसलेल्या असतात. पिण्याला नाही ते पाणी सिमेंटला कोण देणार? तीन दिवस गोणपाट ओली होतात, मग वाळतात. पावसाळ्यानंतर पृष्ठभाग भुगा होऊन उडायला लागतो. हे काम डिसेंबरमध्ये झालं असतं तर ओढ्याला पाणी होतं.

साकवाची गोष्ट थोडी वेगळी. साकव हवा कारण जुलैत ओढ्यापलीकडची वाडी तुटते. खालच्या अंगाला निदान कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तरी ओलांडायला असतात, तेही पंचगंगा चढली की एकेक करून पाण्याखाली जातात. वर डोंगरात तेवढंही नाही. आजारी माणसाला घोंगड्याची झोळी करून, बांबूला बांधून, चौघांच्या खांद्यावरून न्यायचं. खांदा बदलायला आणखी चौघं मागून चालायची. ही माणसं ओढ्याच्या काठावर येऊन थांबतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. म्हणून साकव. पण नवा साकव बहुधा स्लॅबने पडत नाही, जोडरस्त्याच्या भरावाने जातो. पैसे बसवण्यासाठी गाळा, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, आखूड करतात. दोन्ही भिंती ओढ्याच्या पात्रात पुढे सरकतात. पुरात लाकडं, झुडपं अडकली की मागे पाणी फुगतं आणि भिंतीच्या बाजूच्या मऊ भरावातून वाट काढतं. ऑगस्टमध्ये जाऊन बघावं तर स्लॅब जागेवर ठाक उभा आणि दोन्ही बाजूंना खड्डा. गाळा ठरवताना अभियंत्याने वाडीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारावं की पाणी कुठवर आलेलं पाहिलंय. झाडाच्या बुंध्याला अडकलेला जुना पालाही तेच सांगतो. भराव माती-मुरुमाचा न ठेवता दगडी पिचिंगने बांधावा आणि पंखभिंती काठात खोल घुसवाव्यात. खर्च वाढतो. मग तालुक्यात दहाऐवजी सात साकव होतील. सात व्हावेत.

वनखात्याचं नाव पुढे करून कितीतरी फाइली वर्षानुवर्षं पडून राहतात. काही अडचणी खऱ्या आहेत: राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते, आणि लागलीच पाहिजे. पण अभयारण्याबाहेरच्या वनजमिनीसाठी २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. शाळा, अंगणवाडी, रस्ता, पाण्याची पाइपलाइन, विजेच्या तारा अशा तेरा सुविधांसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन लागत असेल, हेक्टरी ७५ हून जास्त झाडं तोडावी लागत नसतील आणि ग्रामसभेने शिफारस केली असेल, तर जमीन वळती करता येते. सहा मीटर रुंदीची पट्टी धरली तर एक किलोमीटरला ०.६ हेक्टर लागतं. म्हणजे दीड किलोमीटरपर्यंतचा रस्ता यात बसतो. हे पाठ असलेला एक ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचा ग्रामसेवक) तालुक्यात असला तरी चार वाड्यांचं काम पुढे सरकतं. ग्रामसभेच्या ठरावात गट नंबर, लांबी, रुंदी आणि झाडांची संख्या लिहिलेली असावी. ‘रस्ता व्हावा असे ठरले’ एवढ्या ओळीवर फाइल परत येते.

पाणी हा या पट्ट्यातला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात बिघडवलेला विषय. एवढा पाऊस पडतो तिथे मेमध्ये पाणी नाही, कारण जांभ्याच्या सड्यावरून, म्हणजे सपाट कातळावरून, ते वाहून जातं किंवा झिरपून खाली कुठेतरी झऱ्याने निघतं. जलजीवन मिशनचा मापदंड माणशी ५५ लिटरचा. शंभर माणसांच्या वाडीला दिवसाला साडेपाच हजार लिटर. आता झरा मोजा: मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पहाटे, बादली आणि घड्याळ घेऊन. दहा लिटरची बादली शंभर सेकंदांत भरली, तर दिवसाला ८,६४० लिटर होतात. वाडी भागते, गुरांनाही उरतं. एवढाच झरा वाडीच्या वर असेल तर मोटार नको, वीजबिल नको. इथले लोक ज्याला सायफनचं पाणी म्हणतात ते नुसत्या उताराने येतं. मात्र मोजणी जानेवारीत केली तर योजना कागदावर पास आणि एप्रिलमध्ये नापास.

पाइप टाकताना तीन चुका नेहमी होतात. दहा मीटर उताराला एक किलो दाब धरतात. झरा वाडीच्या साठ मीटर वर असेल तर तळाच्या पाइपावर सहा किलो दाब येतो, आणि चार किलोचा पाइप फुटतो. मध्ये दाब तोडणारी छोटी टाकी बांधायची किंवा खाली जाड पाइप वापरायचा. दुसरी चूक, वाटेत उंचवटा असेल तिथे हवा काढायची झडप नसते. हवा अडकते, पाणी थांबतं, आणि झरा आटला अशी ओरड होते. तिसरी, काळा प्लास्टिकचा पाइप सड्यावर उघडाच सोडतात कारण कातळात खणता येत नाही. मार्च-एप्रिलच्या वणव्यात तो वितळतो, नाहीतर गव्यांच्या खुराखाली चेपतो; आजरा-चंदगडकडे तर हत्तीही येतात. कातळाच्या पट्ट्यात लोखंडी जीआय पाइप आणि मातीत तीन फूट खोल पुरलेला प्लास्टिक, अशी जोडणी अंदाजपत्रकातच लिहून घ्यावी.

आरोग्य उपकेंद्राचा निकष डोंगरी भागात पाच हजारांवरून तीन हजारांवर आणला आहे, मिनी अंगणवाडी १५० लोकवस्तीलाही देता येते. निकष सैल आहेत. जागा भरलेल्या हव्यात, आणि नेमणूक झालेल्या माणसाला राहायला खोली हवी.

पूर्वी रस्त्यावर मैलकुली असायचे. ठरावीक लांबी एका टोळीकडे. पावसाळ्याआधी गटार काढायची, पावसात मोरीचं तोंड मोकळं ठेवायचं. ती माणसं निवृत्त झाली आणि जागा भरल्या गेल्या नाहीत. आपल्या किलोमीटरच्या गटारीत वर्षात अर्धा फूट गाळ साचतो असं धरलं तर दीड फूट रुंदीच्या एका बाजूच्या गटारीतून सुमारे ७० घनमीटर माती निघते. एक गडी दिवसाला दोन घनमीटर काढतो. पस्तीस दिवसांची मजुरी. वाडीतलेच सहा जण एका आठवड्यात काम उरकतील आणि मजुरी वाडीतच राहील. नव्या रस्त्याच्या प्रत्येक मंजुरीसोबत पुढच्या पाच वर्षांची ही मजुरी वेगळी बांधून ठेवली पाहिजे. ग्रामसडक योजनेच्या रस्त्यांना पाच वर्षांची देखभाल करारातच असते. वाडीच्या रस्त्यालाही ती द्यायला काय हरकत आहे?

तोवर एक काम वाडीला स्वतः करता येतं. मेअखेर वळीव पडतो. पाऊस थांबायची वाट न बघता दोघातिघांनी त्याच पावसात रस्त्याच्या सुरुवातीपासून वर चालत जावं. पाणी जिथे रस्ता ओलांडतं, जिथे गटार सोडून आत येतं, जिथे कड खचते, तिथे कडेच्या दगडावर तेलरंगाने खूण करावी. चुना टिकत नाही. मग उघडीप मिळाली की पन्नास मीटरचा टेप घेऊन प्रत्येक खुणेचं सुरुवातीपासूनचं अंतर लिहावं: १८० मीटर, ४२० मीटर, ७६५ मीटर. अभियंता याला साखळी क्रमांक म्हणतो. ही यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठरावाला जोडायची, म्हणजे दोन ऑक्टोबरनंतर ‘आमचा गाव, आमचा विकास’चा आराखडा लिहायला घेतात तेव्हा ती हाताशी असते. मोरी कुठे घालायची हे त्या यादीत असेल, तर शाखा अभियंत्याला जानेवारीच्या कोरड्या रस्त्यावर उभं राहून अंदाज करावा लागत नाही.